परदेशी निघताना सूत्रे आपल्या हाती

मुलगा शिकागोला, मुलगी न्यू जर्सीला, भाचा सिएटलला. साठी-सत्तरीतल्या आईबाबांचा अमेरिका प्रवास आता महाराष्ट्रात घरोघरचा झाला आहे. त्याची तयारी बहुतेक घरांत एकाच पद्धतीने होते. तिकीट मुलगा काढतो, विमा सून घेते, व्हिसाचा फॉर्म जावई भरतो आणि निघायच्या दिवशी आईबाबांच्या हाती प्लास्टिकची एक जाडजूड फाइल येते. हे सगळे प्रेमापोटी होते यात शंका नाही. पण ती फाइल ज्याच्या हातात आहे त्यालाच आत काय आहे हे ठाऊक नसेल, तर काउंटरवरचा साधा प्रश्नसुद्धा धडकी भरवतो. आयुष्यभर नोकरी, संसार, व्यवहार सांभाळलेली माणसे त्या क्षणी उगाच बावरतात. याचे मला फार वाईट वाटते, कारण थोडी तयारी स्वतः केली तर तसे होण्याचे काहीच कारण नसते.

म्हणून पहिली विनंती हीच. फॉर्म मुलांना भरू द्या, पण शेजारी बसून किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक उत्तर वाचून घ्या. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठीच्या डीएस-१६० या फॉर्ममधली उत्तरे तुमच्या नावावर असतात आणि मुलाखतीत प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. मुलगा कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या शहरात राहतो, तुम्ही किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, याची उत्तरे पाठ करायची नसतात, माहीत असायची असतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मराठीतून किंवा हिंदीतून बोलता येते. इंग्रजीची धास्ती घेऊन मोडके वाक्य बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत नीट आणि खरे सांगितलेले कधीही चांगले.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी पद्धत आहे. त्यात अनेक बायकांची कागदपत्रे अर्धी माहेरच्या आणि अर्धी सासरच्या नावाने असतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच हवे, मधल्या नावासकट, त्याच स्पेलिंगने. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. त्याने अनेक देशांत अडचण येते, आणि संयुक्त अरब अमिरातीत तर एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकाला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान 6 महिने उरलेली असावी.

नवराबायको दोघे निघाले असतील तर प्रत्येकाने आपला पासपोर्ट, थोडे डॉलर, मुलांचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद स्वतःजवळ ठेवावा. सगळे यांच्याच खिशात आणि सगळे यांनाच माहीत, ही रीत विमानतळावर उपयोगाची नाही. सुरक्षा तपासणीत दोघांची ताटातूट होऊ शकते, एकाची व्हीलचेअर पुढे जाऊ शकते. पत्ता कागदावरच हवा. ऐन वेळी फोनची बॅटरी संपते.

औषधांची पिशवी

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो औषधांना. निघण्याच्या दोन महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे फक्त या कामासाठी वेळ घ्या. त्यांच्याकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पान लिहून घ्यायचे: कोणते आजार, केव्हापासून, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, कशाची ॲलर्जी आहे, आणि प्रत्येक गोळीचे मूळ नाव व मात्रा. मूळ नाव महत्त्वाचे, कारण आपण गोळीला ओळखतो ते कंपनीच्या नावाने. ‘टेल्मा’ म्हटले तर अमेरिकेतल्या डॉक्टरला कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हटले की लगेच कळेल. काही औषधांची तर मूळ नावेही तिकडे वेगळी आहेत. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटॅमिनोफेन होते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपला शेवटचा ईसीजी बरोबर ठेवावा, फोनमध्ये फोटो आणि बॅगेत कागद. छातीत दुखून तिथल्या डॉक्टरांसमोर गेलात तर नवा आलेख जुन्याशी ताडून पाहता येतो, आणि बदल आजचा की पूर्वीपासूनचा हे लवकर ठरते.

औषधे किती न्यायची? अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन स्वतःच्या वापरासाठी साधारण 3 महिन्यांचा साठा गृहीत धरते. मुक्काम 6 महिन्यांचा असेल तर उरलेल्या औषधांचे काय करायचे, हे जाण्याआधीच डॉक्टरांशी आणि मुलांशी बोलून ठरवा. औषधे मूळ पाकिटात, बिलासह आणि प्रिस्क्रिप्शनसह न्या. गोळ्या पट्टीतून सोडवून डब्यात भरायची सवय प्रवासापुरती बाजूला ठेवा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. आखाती देशांत जाताना किंवा तिथे उतरताना तर आधी परवानगी लागते का हे पाहायलाच हवे.

रोजची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठी बॅग एखाद्या वेळी दोन दिवस उशिरा येते. इन्सुलिन तर सामानात कधीच टाकू नये. विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी असते. द्रव पदार्थांची 100 मिलिलिटरची मर्यादा आवश्यक औषधांना लागू नसते, पण तपासणीला उभे राहताच ती वेगळी काढून दाखवा.

वेळेचा प्रश्न खरा गुंत्याचा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. मुंबईहून मध्यरात्री निघालेले थेट विमान सुमारे 16 तासांनी उतरते तेव्हा तिथे सकाळ असते, आणि आपल्या शरीराच्या हिशेबात संध्याकाळ झालेली असते. म्हणजे जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. थायरॉइडच्या एका गोळीला याने फारसा फरक पडत नाही. इन्सुलिन, साखरेच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे यांना पडतो. प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार लिहून घ्या आणि एक घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. साखर मोजण्याचे आपले यंत्र आणि त्याच्या पट्ट्या इथूनच न्या. अमेरिकेत आकडे आपल्यासारखेच येतात. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात मात्र दुसरे एकक आहे. तिथला आकडा 18 ने गुणला की आपला येतो. तिथल्या 7 चा अर्थ आपले 126. हे ठाऊक नसले तर पहिला रिपोर्ट पाहून जीव घाबरा होतो.

दातांची कामे, चष्म्याचा नंबर, कानाच्या यंत्राची दुरुस्ती हे सारे इथेच उरकून घ्या. दातांचा खर्च प्रवासी विम्यात सहसा बसत नाही. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर विमानाबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत उडता येत नाही.

विमा वाचून घ्या

आपला मेडिक्लेम बहुतेक वेळा देशाच्या सीमेपर्यंतच चालतो, आणि अमेरिकेतला दवाखाना महाग. तिथल्या ज्येष्ठांची ‘मेडिकेअर’ योजना भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी नाही. म्हणून विमा हवाच, पण किंमत पाहून घेतलेला विमा ऐन वेळी कोरडाच निघण्याची शक्यता असते. तीन गोष्टी तपासा.

पहिली, योजना ठरावीक रक्कम देणारी आहे का. अशा योजनेत डॉक्टरची एक भेट, एक दिवसाचा खाट-खर्च, एक शस्त्रक्रिया यांसाठी बांधून दिलेली रक्कम मिळते आणि वरचे सारे बिल तुमचे. हप्ता कमी दिसतो तो यामुळेच. सर्वसमावेशक योजना महाग असते, पण ठरलेला सुरुवातीचा भाग तुम्ही भरलात की उरलेल्याचा मोठा हिस्सा कंपनी उचलते. माझे मत विचाराल तर सत्तरीच्या आसपास असाल तर पैसे इथे वाचवू नका, हवे तर मुक्काम महिन्याभराने कमी करा. दुसरी, आधीपासूनच्या आजारांचे काय. अनेक योजना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा नेहमीचा उपचार देत नाहीत, फक्त अचानक, पूर्वसूचनेशिवाय उद्भवलेल्या झटक्याचा खर्च देतात, आणि तोही वयानुसार घटत जाणाऱ्या मर्यादेपर्यंत. हे कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि आपले आजार लपवू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतोच. तिसरी, जवळचे कोणते दवाखाने त्या योजनेच्या यादीत आहेत. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मुरगळलेला पाय यांसाठी ‘अर्जंट केअर’ नावाचे छोटे दवाखाने असतात. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागापेक्षा तिथला खर्च पुष्कळ कमी. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे याला मात्र खर्चाचा विचार न करता 911.

सामानातले गोड-तिखट

लेकीला, नातवंडांना आवडते ते घेऊन जावेसे वाटणारच. चिवडा, चकल्या, लाडू, मेतकूट, घरचे मसाले यांना सहसा अडचण येत नाही. पण अमेरिकेत उतरल्यावर जवळ खाद्यपदार्थ आहेत हे सांगायचे. सांगून एखादी वस्तू काढून घेतली तर तेवढेच नुकसान. न सांगता सापडली तर दंड. ताजा कढीपत्ता नेऊ नका. त्या पानांवरून येणाऱ्या किडीमुळे संत्र्या-लिंबाच्या बागांना रोग लागतो, म्हणून त्यावर बंदी आहे. ताजे आंबे, फळे, बिया, मांस, मासे घरीच ठेवा.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल मला मनापासून सावध करायचे आहे: खसखस. आपल्या अनारशांवर ती असते, काळ्या मसाल्यात असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीत दुबईच्या लेकीला अनारसे न्यायचे असतील तर ते तांदळाचेच करा, पण खसखशीशिवाय. अमेरिकेला जाताना दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलत असाल तरी हाच नियम पाळा.

आपल्या विमानतळांवरचेही काही नियम आहेत. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून अडवले जाते. लोणचे आणि तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. पॉवर बँक याच्या उलट: ती फक्त हातातल्या बॅगेतच. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची आहे, त्यामुळे इथला मिक्सर किंवा नेब्युलायझर तिथे चालत नाही. नेब्युलायझर लागत असेल तर मुलांना तिथलाच आणून ठेवायला सांगा. अंगावर बरेच सोने घेऊन जाणार असाल तर निघताना कस्टमकडून दाखला घ्या, म्हणजे परतताना ते इथलेच आहे हे सिद्ध करावे लागत नाही. त्याहून सोपे म्हणजे सोने लॉकरमध्ये ठेवून जाणे.

विमानात

तिकीट काढताना स्वस्तापेक्षा सोपे पाहा. थेट विमान परवडत असेल तर तेच घ्या. बदलायचेच असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. म्हणजे पहिले विमान चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. घरी रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या माणसालाही मोठ्या विमानतळावर सामान, रांगा आणि जागरण एकदम आले की थकवा येतो. मात्र ती बुकिंगच्या वेळीच मागावी लागते आणि कितपत मदत हवी हे सांगावे लागते: फक्त लांबचे अंतर, पायऱ्याही, की थेट आसनापर्यंत. मधुमेहाचे, जैन किंवा भारतीय शाकाहारी जेवणही तेव्हाच नोंदवायचे. तरीही जवळ दशमी, गूळपोळी, खाकरा असे कोरडे असू द्या. साखरेच्या रुग्णाला जेवणाची गाडी आपल्या रांगेत येईपर्यंत थांबता येत नाही.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि वय, पूर्वीची गाठ, नुकतीच शस्त्रक्रिया, कर्करोगाचा उपचार यांनी तो आणखी वाढतो. आतल्या बाजूचे आसन घेतले की शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून माणसे तासन्‌तास हलत नाहीत आणि लघवीला जावे लागेल म्हणून पाणीही पीत नाहीत. दोन्ही टाळायचे असेल तर वाटेकडचे आसन घ्या. दर तासाला टाचा-चवडे वीस-पंचवीस वेळा वरखाली करा, दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. दाबमोजे वापरायचे की नाही हे डॉक्टरांना विचारा, पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना ते त्रासदायक ठरू शकतात. ॲस्पिरिन मनानेच घेऊ नका.

उतरल्यावर तिथला अधिकारी बोटांचे ठसे घेईल आणि का आलात, कुणाकडे, किती दिवस हे विचारेल. थोडक्यात, खरे सांगा. व्हिसा 10 वर्षांचा असला तरी या खेपेला किती राहायचे हे तो अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, बहुधा 6 महिन्यांची. घरी पोहोचल्यावर मुलांकडून ती सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपलीकडे एक दिवस जरी राहिलात तरी व्हिसा रद्द होतो. मुदत वाढवून हवी असेल तर अर्ज ती संपण्याआधी करायचा असतो. तारखा वाचताना लक्षात ठेवा, तिथे महिना आधी लिहितात. 4/5 म्हणजे 5 एप्रिल.

तिथल्या घरात

परदेशातल्या अपघातांचा विचार करताना डोळ्यांपुढे रस्ते येतात. ज्येष्ठांना जास्त धोका न्हाणीघरात आणि जिन्यावर असतो. आंघोळीचा टब उंच कडेचा आणि गुळगुळीत. ओल्या पायाने एक पाय आत, एक बाहेर अशा स्थितीत तोल गेला की खुब्याचे हाड मोडते. पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी टबात रबरी चटई, भिंतीला स्क्रूने बसवलेला दांडा आणि बसून आंघोळीसाठी स्टूल यांची सोय करायला सांगा. संकोच करू नका. झोपायच्या खोल्या बऱ्याचदा वरच्या मजल्यावर आणि जिने लाकडी असतात. नुसत्या मोज्यांनी त्यावर चढ-उतर नको. जेट स्प्रे बहुधा नसतो, तेव्हा एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका.

नातवंड लहान असेल तर आणखी एक काळजी. आपल्या औषधांच्या पट्ट्या उशाशी किंवा पर्समध्ये ठेवायची आपल्याला सवय असते आणि आपल्या गोळ्यांना मुलांना न उघडणारी झाकणे नसतात. रक्तदाबाची किंवा साखरेची एकच गोळी दोन वर्षांच्या मुलाचा जीव धोक्यात घालू शकते. औषधे उंच, कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा आणि विषबाधेसाठीचा अमेरिकेतला 1-800-222-1222 हा मोफत नंबर फ्रिजवर लावून ठेवा. 911 ला फोन करण्याची वेळ आली आणि इंग्रजी सुचेना, तर ‘हिंदी’ एवढेच म्हणा. बहुतेक ठिकाणी दुभाषा जोडून देतात. घरचा पत्ता मात्र सांगता आला पाहिजे.

पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. नंतर मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. खूप आईबाबा याच टप्प्यावर कंटाळतात आणि मुलांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. जाण्याआधी मुलांशी मोकळेपणी बोला. घरात काय काम करणार, बाळाला किती तास सांभाळणार, सुट्टी कोणत्या वारी, हे ठरलेले असले की मनात काही साचत नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड मुलांच्या पत्त्यावर बऱ्याच ठिकाणी मिळते. तिथे गप्पांचे इंग्रजी शिकवणारे मोफत वर्ग, विणकामाचे गट, मुलांना गोष्टी सांगण्याचे तास असतात. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात आणि तिथे मदतीला येणाऱ्या आजी-आजोबांचे मनापासून स्वागत होते. मुक्काम एप्रिल ते सप्टेंबर ठेवा. थंडीत बर्फाचा पारदर्शक थर डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्याला त्यावर चालायची सवय नसते.

मागे राहिलेले घर

बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून, रिचार्जची मुदत परतीपर्यंत पुरेल एवढी ठेवा. निवृत्तिवेतन घेणारे नोव्हेंबरात तिकडे असणार असतील तर हयातीच्या दाखल्याची पद्धत बँकेत आधीच विचारून घ्या. भारतीय वकिलातीकडूनही तो करून घेता येतो. 80 वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्या जो पावसाळ्यात महिन्यातून एकदा खिडक्या उघडेल.

परतीच्या प्रवासाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. पूर्वेकडे येताना झोपेचे वेळापत्रक जाण्यापेक्षा जास्त बिघडते, म्हणून आल्याबरोबर पाठोपाठ लग्ने, पूजा, गावच्या फेऱ्या ठेवू नका, आणि औषधांच्या वेळा पुन्हा डॉक्टरांना विचारून बसवा. अमेरिकेतून निघालेल्या विमानाचा बोर्डिंग पास फेकू नका. मुदतीत बाहेर पडलात याची नोंद तिथे चुकली तर पुढच्या खेपेला तोच दाखवता येतो.